साडूंच्या संगणकाचे तीन पहारेकरी

एकाच्या शब्दावर विसंबून आयुष्यात कधीही पाऊल न उचललेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. पवनारची बस गेली का, हे ते स्टँडवर तिघांना विचारतात, आणि तिघांना विचारून होईपर्यंत ती खरोखरच निघून जाते. सिंदी मेघेच्या त्यांच्या घरात थर्मामीटरही तीन आहेत. तिन्ही वेगवेगळा ताप दाखवतात आणि साडू मधला धरून क्रोसीन घेतात. एकदा मी न राहवून म्हणालो, "भाऊ, एकच चांगला थर्मामीटर घ्या ना!" तर म्हणाले, "चांगला कोनता, हे मले कोन सांगन? तोच?"

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. बोंडातला कापूस चिमटीत धरून धागा ओढला की त्यांना प्रत कळायची, आणि तरीही शंका आली की शेजारच्या ग्रेडरला हाक मारायचे. सख्ख्या भावाची कापसाची गाडी आली तेव्हा तर स्वतः हातच लावला नाही, दुसऱ्या दोघांना पाहायला लावलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. त्यांचं लग्नही असंच जमलं. मुलगी पाहायला आधी तीन नातेवाईक वेगवेगळे धाडले. एकानं सांगितलं, पोरगी फार बोलते. दुसरा म्हणाला, तोंडच उघडत नाही. तिसऱ्याला फक्त पोहे आठवत होते. साडूंनी लगेच होकार कळवला. "तिघाइशी तीन तऱ्हेनं वागली, म्हंजे पोरीले मानूस ओळखता येते," असा त्यांचा निकाल. तो किती बरोबर होता, हे मी तीस-एक वर्षं पाहिलं. माझी ती मेहुणी मागच्या उन्हाळ्यात वारली. लेक वैशाली पुण्याला नोकरीत. तिनं तिकडे चला म्हणून फार विनवलं, पण साडू हलले नाहीत.

मग वेळ घालवायला संगणक आला. संगणकात हेरगिरी करणारे प्रोग्राम शिरतात, असं कुणीतरी सांगताच साडूंनी ते पकडणारे तीन पहारेकरी बसवले. आता एकाच यंत्रात तीन पहारेकरी म्हणजे काय व्हायचं? पहिल्याच दिवशी त्यांनी एकमेकांनाच चोर ठरवलं, आणि यंत्र असं रांगायला लागलं की चालू करून साडू भाजी आणायला जात. तपासणीचे निकालही कधी जुळायचे नाहीत. एक म्हणे शेकडो चोर, दुसरा म्हणे दोन-चार, तिसरा म्हणे घर स्वच्छ.

मी म्हणालो, "तिघांतले दोघं खोटं बोलतात."

"खोटं काऊन बोलतीन? तीन ग्रेडर समजा. एक ओल पाह्यते, एक कचरा पाह्यते, एक धागा पाह्यते. ज्याच्यापाशी ज्या चोराचा फोटू आहे, तोच त्याले दिसन." आणि मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. प्रत्येकाची चोरांची यादी वेगळी. कुणाची ताजी, कुणाची शिळी. कुणी वेबसाइटनं ठेवलेल्या साध्या खुणेलाही चोर म्हणतं, कुणी पासवर्ड पळवणाऱ्यालाच. मी मनातल्या मनात हात जोडले.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला, "साडभाऊ, आत्ताच या." आवाज नेहमीचा नव्हता. गेलो तर साडू पडद्यासमोर ताठ बसलेले. एका पहारेकऱ्यानं एक प्रोग्राम लाल रंगात दाखवला होता: हा दुरून तुमचा पडदा पाहतो. दुसरा त्याच प्रोग्रामला पिवळा रंग देऊन म्हणत होता, नको असेल तर काढा. तिसरा गप्प. आणि तो प्रोग्राम बसवल्याची तारीख दिवाळीतली होती, वैशाली आली होती तेव्हाची.

"माह्याच पोरीनं माह्यावर पहारा बसवला," साडू म्हणाले. "मले न विचारता." इतका दुखावलेला माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यांचं बोट पुसून टाकायच्या बटणावर होतं. मी म्हणालो, "भाऊ, तीन मतं झाली. चौथं तिचं घ्या."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. प्रोग्रामचं नाव ऐकताच वैशाली रडवेली झाली. "बाबा, तुम्ही फोन उचलत नाही. घरात दुसरं कोणी नाही. सकाळी तुमचं मशीन चालू दिसलं की मी कामाला लागते. दुसरं काही पाहत नाही मी."

साडूंनी फोन ठेवला. मग म्हणाले, "तिन्ही ग्रेडर बरोबर आहेत. न सांगता बसवला म्हून लाल. काढाव का ठेवाव, ते माह्या हाती, म्हून पिवळा. अन् पोरगी बापाले पाहून राह्यली, त्यात चोरी कायची, म्हून तिसरा गप्प." आणि पहिल्या पहारेकऱ्याला त्यांनी सांगून टाकलं, याला यापुढे हात लावू नकोस.

तेव्हापासून साडू उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, संगणक चालू करतात. परवा दुपारी मी गेलो तर एक कोरं पान उघडून त्यावर एका बोटानं टाइप करत होते: 'भात झाला. वांग्याची भाजी करून राह्यलो. साडभाऊ आले आहेत.' आणि एवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला. एरवी निकाल द्यायला तीन मतं घेणाऱ्या त्या माणसानं कुणालाही काही विचारलं नाही. धडपडत उठून फोन घेतला आणि पलीकडून हॅलो यायच्या आत म्हणाले, "वैशू, घाबरू नोको. लाइट गेली आहे. मी इथंच बसून आहो."