धुतलेली हळद

आज म्हैसूरच्या घरात ओली हळद किसली आणि बोटांच्या वासानं मला फार वर्षांपूर्वीच्या सरगूरच्या शेतात नेलं.

तिथल्या सतीशिळेवर बांगड्या भरलेला दगडी हात कोरलाय. ती बाई म्हणजे म्हैसूरच्या फौजेतल्या आमच्या पूर्वजाची बायको, असं घरात सांगत. मूलबाळ नसलेली माझी आत्या दर संक्रांतीला तिला हळद माखायची, बांगड्या वाहायची. त्या वर्षी मी पुरातत्त्वाची नवी पदवी घेऊन सोबत गेले. फोटोत कोरीवकाम उठून दिसावं म्हणून शिळा धुतली. पाणी आत्यानंच ओतलं, कौतुकानं.

"आत्या, आपली माणसं इकडं आली, त्याच्या कितीतरी आधीची घडण आहे ही. ही आपली नव्हे."

"हौदा पुट्टी? खरंच का गं पोरी?" ती कानडी मिसळत हसली. "अय्यो, मग इतकी वर्षं कुणाच्या सासूचे लाड करत होते गं मी!"

हसतच तिनं बांगड्या परत पिशवीत टाकल्या. पुन्हा ती तिकडं गेली नाही.

ती वारल्यावर मी कादंबरी लिहिली. तीत दगडातल्या बाईला आमच्या बायकांची पूर्वज केलं. वाचक विचारतात, हे सुचलं कसं? मी शिळेबद्दल भरभरून सांगते. आत्याचं नाव आजवर घेतलं नाही.

तुळजा. तुळजाआत्या.