वाटाड्याचं प्रकरण

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं दर शुक्रवारी एकत्र बसली की ते साठतात, आणि माणसं पांगली की आठवू लागतात. आमची बैठक ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात, माझ्या माईआत्याच्या घरी. मी रोमला शिकून नुकताच परतलो होतो आणि तिकडचं एक जुनं ख्रिस्ती महाकाव्य आजच्या मराठीत आणत होतो. एक यात्रेकरू नरक ओलांडून स्वर्गाला पोचतो, ही त्याची कथा. देश नव्याने घडतोय, तर हे काव्य ग्वाल्हेरच्या मराठीत आलंच पाहिजे, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे.

* * *

पहिल्याच शुक्रवारी आत्याने माझे कागद पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं.

"आत्या, हे ख्रिस्ती काव्य आहे."

"देवाघरची वाट सांगतंय ना? मग पोथीच. आणि एकदा लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही, आधीच सांगून ठेवते."

* * *

शेजारच्या मुरारचे सुभेदारकाका फौजेतून निवृत्त झालेले. नरकाचं दार सताड उघडं आहे, हे त्यांना अजिबात पटलं नाही.

"पहारा नाही?"

"काका, तिथून कुणी बाहेर येतच नाही."

"बाहेरचं सोड भाई. आत कोणीही घुसेल, त्याचं काय?"

* * *

नानासाहेब संस्थानी दरबारच्या काळापासून सचिवालयात हेडक्लार्क. पक्की प्रत तेच काढत. त्यांच्या अक्षरात माझं भाषांतर मलाही बरं वाटे. फक्त माझा कच्चा खर्डा परत येई तेव्हा समासात लाल शाईचा शेरा असे: 'सदर इसम नरकात कोणाच्या हुकुमाने? मूळ आदेश जोडावा.'

"नानासाहेब, हुकूम देवाचा आहे."

"ते झालंच. तोंडी की लेखी?"

* * *

यात्रेकरूला वाट दाखवतो एक म्हातारा धनगर. तो येशूच्या आधी जन्मलेला, म्हणून बाप्तिस्मा नाही. स्वर्गाच्या दारातून त्याला परत पाठवतात. हे मी सांगितलं त्या दिवशी चहा तसाच निवला.

"ये क्या बात हुई?" सुभेदारकाका म्हणाले. "वाट ह्याने दाखवायची, आणि आत तो?"

"तू बदल की रे," आत्या म्हणाली.

"भाषांतर करणाऱ्याला तो अधिकार नाही, आत्या."

नानासाहेबांनी तेवढं पान ओढून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. आमचं मध्यभारत राज्य मोठ्या नव्या राज्यात विलीन होत होतं, आणि त्याच आठवड्यात सरकारी नोकरांची ज्येष्ठता यादी लागली होती. ज्यांना नानासाहेबांनी टिपणी लिहायला शिकवलं, ती माणसं यादीत त्यांच्या वर होती. "तात्पुरती यादी आहे. हरकतीचा अर्ज केलाय," एवढंच ते सांगत.

* * *

मग कचेऱ्या नव्या राजधानीत, भोपाळला निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर नानासाहेबही. स्वर्गाच्या दाराचा शेवटचा सर्ग अजून पक्का व्हायचा होता. आत्याने स्टेशनवर तो नानासाहेबांच्या हातात दिला. "पोथी अर्धी ठेवू नका हो."

"माईसाहेब, प्रकरण माझ्या टेबलावर आहे," ते म्हणाले.

चार महिने काही आलं नाही. बैठकीला आम्ही तिघंच उरलो. पुढे एका शुक्रवारी भोपाळहून जाड लिफाफा आला. आत्याने पाट मांडला. मी वाचत गेलो. नानासाहेबांनी माझा एक शब्दही बदललेला नव्हता. स्वर्गाच्या दारापाशी मी अडखळलो.

"थांबलास का? वाच," सुभेदारकाका म्हणाले.

ह्या खेपेला पक्क्या प्रतीच्याच समासात लाल शाईने लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचलं:

"वाटाड्यास तूर्त आत घ्यावे. अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत बाहेर काढू नये."