प्रगतीची दुरुस्ती

तलासरीकडच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करत आशाताई म्हणून फिरणारी प्रगती रानभाज्यांच्या कार्यक्रमासाठी माहिती गोळा करत होती. मोबाइलवर ज्ञानकोश उघडून तिनं कडू कंदाचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं, 'हा कंद उकडून खातात.' बस्स, एवढंच.

बांधकामावर आलेल्या एका कुटुंबानं असाच नुसता उकडून खाल्ला होता. दवाखान्यात नेताना उलट्या करणाऱ्या त्यांच्या पोरीचं डोकं तिनंच मांडीवर धरलं होतं.

पानावर 'संपादन करा' असं बटण होतं. हा ज्ञानकोश वाचणारेच लिहितात, हे तिनं ऐकलं होतं. पण ते शहरातले, शिकलेले. बारावीवाल्या आपल्याला कोण विचारतो? दोन दिवस तिचं बोट बटणापर्यंत जाऊन मागं आलं. आणि दर वेळी वाटे, या घटकेला हे वाचून कुणी चूल पेटवत असेल तर?

शेवटी तिनं आईला, रूपीला विचारलं.

"पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे," रूपी म्हणाली. "तरी कडू लागला तर फेकून द्यायचा, बाय."

प्रगतीनं तसंच लिहिलं. तासाभरात मजकूर गायब! शेरा होता, 'संदर्भ नाही.' तिचे कान तापले. आईचा संदर्भ कसा देणार?

पण त्याच लेखाच्या चर्चेच्या पानावर धनेश नावाच्या स्वयंसेवकानं लिहिलं होतं, 'ताई, तुमचं बरोबर असेल, पण छापील आधार लागतो. मिळाला की पुन्हा घाला. आधीच्या वाक्यालाही आधार नव्हता, तेही मी काढलंय.'

तिला थोडं हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी बसनं डहाणू गाठून तिनं वाचनालयातली कपाटं धुंडाळली. रानभाज्यांचं एक पुस्तक मिळालं; त्यात वेगळंच निघालं तर, या धास्तीनं ती एकेक पान उलटत गेली. सापडलं! सगळं होतं, फक्त राख नव्हती. पुस्तकाचा संदर्भ देऊन तिनं मजकूर पुन्हा घातला, राख वगळून.

"राखेचं का नाय लिहिलं?" रूपीनं विचारलं.

"छापलेलं मिळेपर्यंत थांबावं लागेल."

"मग छापायला सांग कुणाला!"

आठवडाभर प्रगती रोज सकाळी ते पान उघडून बघे. मजकूर टिकला.

आशाताईंच्या पुढच्या बैठकीत सरावली गावच्या योगितानं विचारलं, "आपल्याला लिहू देतात? माझं चुकलं तर?"

"चुकलं तर कुणीतरी सुधारेल. मलाही अजून भीती वाटते. आण मोबाइल, तुझं खातं उघडू."

योगितानं पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा बरोबर पडला.