टपावरचं भोक

नव्या पिकअपच्या टपाला भोक पाडायचं म्हटल्यावर ड्रायव्हरचा चेहरा पडला. बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं, समोर लिंबू-मिरची लटकत होती.

"आताच तं पुजली ना भाऊ," तो म्हणाला. "टपाले कायले हात लावता? समोरच्या बंपर-गार्डाले बांधून द्या अँटेना."

गाडी त्याच्या मालकीची, पण जंगलखात्याकडे भाड्याने लावलेली. झरी जामणीच्या बाजूला जंगलात शिरलं की मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. वणवा लागला, वाघ गावाला टेकला, तर बोलायचं कसं? म्हणून गाडीत वायरलेस सेट हवा होता. माझं आर्णीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. सेट बसवायचं काम यवतमाळच्या एका ठेकेदाराने मला दिलं होतं.

मी ड्रायव्हरला सांगितलं, गार्डाला बांधलेला अँटेना मोकळ्या रस्त्यावर बोलेल, टेकडीच्या आड गेलास की मुका. त्याला चारही बाजूंनी पत्रा लागतो, म्हणून तो टपाच्या मधोमधच हवा. तो बराच वेळ गाडीभोवती फिरला. मग समोरच्या दुकानातून नारळ आणला, चाकाजवळ फोडला, टपाला हात लावून आपल्या तांड्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटला.

"आता पाडा," म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला. भोक पडल्यावर त्याने मलाही खोबरं दिलं.

मी भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, पाणी जाऊ नये म्हणून रबर बसवलं, केबल छताच्या अस्तराखालून खाली आणली. सेट डॅशबोर्डखाली. करंट सरळ बॅटरीवरून, मध्ये फ्यूज टाकून. चावीच्या वायरीवरून घेणारे घेतात, मग इंजिनची शिट्टी प्रत्येक वाक्यात घुसते. मला असलं काम जमत नाही. आमच्या अब्बांनी तसं शिकवलंच नव्हतं.

अब्बांच्या हाताखाली आम्ही दोघं भाऊ ट्रकच्या लाइटी तपासायचो. मोठा केबिनमध्ये बसून ब्रेक दाबायचा, मी मागे उभा. तो ओरडायचा, "जली?" मी ओरडायचो, "जली!" आमचं अर्धं लहानपण असंच गेलं, ट्रकच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना हाका मारण्यात.

आता वायरलेसही एकट्याने तपासता येत नाही. गाडीतून बोलायला एक माणूस लागतो आणि ऑफिसातल्या सेटवर ऐकायला दुसरा. ऑफिसच्या टॉवरवर अँटेना चढवायचं आणि तिथला सेट लावायचं काम ठेकेदाराने लोहाऱ्याच्या एका मिस्त्रीला दिलं होतं. त्याला काय माहीत, तो मिस्त्री म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, आणि आम्ही ईदलासुद्धा एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो.

भांडण दुकानाचं नव्हतं, जागेचंही नव्हतं. भावाने त्याच्या मुलासाठी माझी मुलगी मागितली. आमच्यात चुलत भावंडांची लग्नं होतात, त्यात वावगं काही नाही. पण मुलगी नाही म्हणाली. ज्याला लहानपणापासून भाई म्हटलं त्याच्याशी लग्न करणार नाही, एवढंच म्हणाली. मी तिच्या बाजूने उभा राहिलो. भाऊ म्हणाला, पोरीच्या बोलण्यावरून तू मला दारातून परत पाठवतोस? आणि गेला. सुंभ जळाला तरी पीळ जाणार नाही अशी आमची जात. मीही मनवायला गेलो नाही, कारण मी चूक नव्हतो. आजही नाही.

मग मुलीचं दुसरीकडे ठरलं. निकाहाच्या वेळी मुलीची मंजुरी विचारायला वकील तिच्या खोलीत जातो. कोर्टातला वकील नव्हे, घरातलाच कोणी वडीलधारा, सोबत दोन साक्षीदार. मुलीने एकच गोष्ट मागितली. "पूछने बडे अब्बा ही आएँ." बडे अब्बा म्हणजे माझा भाऊ. तिला सायकल त्याने शिकवली होती, मेळ्यात खांद्यावर त्यानेच बसवलं होतं. तिने त्याच्या मुलाला नाही म्हटलं होतं, त्याला नव्हे. हे तिला कळत होतं. त्या म्हाताऱ्या खोंडाला कळत नव्हतं.

मी लोहाऱ्याला गेलो. भाभीने चहा दिला, म्हणाली, "वो सो रहे हैं." दाराशी त्याच्या चपला होत्या आणि आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? चहा संपवला आणि निघालो.

म्हणूनच ऑफिसच्या सेटवर तो बसणार हे कळल्यावर मी काम सोडलं नाही. इथे त्याला सोंग घेता येणार नव्हतं. मी बटण दाबून बोललो की त्याला उत्तर द्यावंच लागणार होतं.

पहिली चाचणी गावाबाहेर सपाटीवर. मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं, "भाईजान, आवाज आ रहा क्या?"

खरखर झाली, मग त्याचा आवाज आला. "आवाज साफ येऊन राह्यला. ओव्हर."

मराठीत. आम्ही घरात जन्मभर मराठी बोललो नाही. मराठी बाजारात, गिऱ्हाइकाशी. त्याने मला गिऱ्हाइकाच्या रांगेत उभं केलं होतं.

पुढची जागा टेकडीच्या मागे, सागाच्या जंगलात. गार्डावरचा अँटेना इथे मेला असता. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता, त्याला त्याच्या भोकाचा निकाल हवा होता. मी माइक तोंडाजवळ धरला आणि काय झालं कोण जाणे, मी सगळं बोलून टाकलं. येत्या इतवारी निकाह आहे. पोरीचा हट्ट आहे, वकील तूच हवास. माझ्याशी बोलू नकोस, जेवूही नकोस, फक्त तिला विचार आणि जा. "उसकी खातिर आ जाओ, भाईजान."

बटण सोडलं. नुसती खरखर. मग तो बोलला.

"आवाज साफ आहे. पुढच्या जागेवर जाऊन बोला. ओव्हर."

बोला! ज्या पोराला त्याने नाक पुसून शाळेत नेलं, त्याला 'बोला'. शिवी दिली असती तर मी ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

तेवढ्यात तिसराच आवाज घुसला. जंगलखात्याच्या वॉचर लोकांच्या हातातले सेट त्याच चॅनेलवर असतात, हे मला माहीत होतं आणि त्या घडीला मी विसरलो होतो. दूर कुठल्यातरी चौकीवरून एकजण हसत म्हणाला, "लग्न कुठी हाये भाऊ? आमाले नाही बलावत काय?"

ड्रायव्हरही हसला, मग माझं तोंड पाहून स्टिअरिंग पुसू लागला. मी पत्ता सांगितला. आम्ही पुढच्या जागेवर गेलो, तिथूनही बोललो. आवाज साफ होता.

इतवारी मांडवात वॉचर खरंच आले, खाकी धुऊन, इस्त्री करून, स्टीलचा डबा घेऊन. ड्रायव्हर पिकअप घेऊन आला. लोहाऱ्याहून कोणी आलं नाही. काझी दोनदा घड्याळाकडे पाहून झाला, तेव्हा मी मुलीच्या मामाला वकील म्हणून जायला सांगितलं आणि आधी मीच तिच्या खोलीत गेलो.

वायरलेसवर मी काय बोललो होतो ते तिला सांगितलेलं होतं. ती समजली. तिने डोळे पुसले, काजळ सांभाळून. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "आप जंगल में थे ना अब्बा, शायद उनको सुनाई नहीं दिया होगा."

किती सोपं होतं हो म्हणणं. टेकडी होती, झाडी होती, रेंज गेली असेल. पण बाहेर मांडवाशेजारी ती पिकअप उभी होती आणि तिच्या टपावर मधोमध माझ्या हाताने बसवलेला अँटेना होता. त्या दिवशी ड्रायव्हरचं ऐकून तो गार्डाला बांधला असता, तर आज माझ्या पोरीला सांगायला माझ्याजवळ काहीतरी असतं.

"सुनाई दिया, बेटा," मी म्हणालो, आणि मामाला आत बोलावलं.