बाहीचं बटण

आमच्या उंद्रीत कापूस वेचताना ओरखडे येऊ नयेत म्हणून बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालत. आमच्यातल्या एकीचा नवरा पलटणीत, म्हणून तिचा सदरा खाकी होता. ओरखड्यांना न जुमानता बाह्या कोपरापर्यंत दुमडून ती वेचायला सगळ्यांच्या पुढे असायची. बोलणं मोजकंच.

पाकिस्तानशी लढाई संपली आणि तो बेपत्ता असल्याचं कळलं. तेव्हापासून तो सदरा तिच्या अंगावरून उतरलाच नाही, विहिरीवर नाही की चुलीपुढे नाही. बाह्यांची बटणं मनगटाशी लावलेली. "एवढ्या उन्हात तरी काढ वो," म्हटलं की "काऊन?" एवढंच विचारायची. कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण होतं, त्यामुळे तिथून काही कळेना. मग आम्ही मेल्या तिच्या मनगटांकडे पाहायचो.

वैशाखात शेजारी लग्न निघालं. चिखलीहून आलेल्या कासाराला काय ठाऊक! आम्हाला बांगड्या भरता भरता तो तिलाही म्हणाला, "या माय, हात द्या."

आम्ही सगळ्या तिच्या बाहीकडे पाहू लागलो.

"नको भाऊ, हायेत माह्या," ती म्हणाली आणि तिने बाहीचं बटण सोडलं. हिरव्या बांगड्या होत्या. त्यांच्यावर चिंधी घट्ट गुंडाळलेली होती.

"वाजल्या की सासू रडते."

बटण पुन्हा लावून ती पाण्याला निघून गेली.

आम्ही उठलो ते भरलेले हात पदरात गच्च धरून. घरी पोचेपर्यंत एकीचीही बांगडी वाजली नाही.