बाकीचे लोक

मेधाचा फोन आला तेव्हा मी जयपूरच्या सोडाला भागातल्या स्टुडिओत एका बोलक्या बकरीवरून दिग्दर्शकाशी भांडत होते. बकरी जरा जास्तच शहाणपणा करते असं त्याचं म्हणणं, आणि मुलांच्या मालिकेत निदान एकाने तरी शहाणपणा करायला हवा असं माझं. फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा घेतला. "वहिनी, तुम्ही येता का? श्रीधरला बँकेतून दवाखान्यात नेलं होतं… आता काही उरलं नाही," मेधा म्हणाली. तिचा आवाज इतका सरळ होता की मीही सरळच "येते" म्हटलं, बकरीच्या संवादांची पानं क्रमाने लावली, टाचणी मारली, पिशवीत घातली आणि मग उठले. त्या क्षणी पानं कशाला लावत बसले, ते मला आजही सांगता येत नाही. श्रीधर सेहेचाळीस वर्षांचा होता.

ही वहिनी-भावजींची नाती जयपूरने जुळवलेली. आम्ही अकोल्याचे, माझे यजमान विमा कंपनीच्या बदलीवर इथे आले आणि आम्ही वैशाली नगरात कायमचे रुतलो. श्रीधर सांगलीचा, बँकेच्या कॉम्प्युटर विभागात अधिकारी, राहायला बायको मेधासह विद्याधर नगरात. ओळख झाली मराठी मंडळाच्या गणपतीत. मुलांचं नाटक मी बसवत होते आणि ऐन प्रयोगात माइक गेला. प्रेक्षकांतून एक उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस उठला, पडद्यामागे गेला आणि पाच मिनिटांत माइक सुरू करून पुन्हा जागेवर येऊन बसला. आभार मानायला गेले तर म्हणाला, "आभार राहू देत ओ वहिनी. वायर आधीच तुटायला आली होती, कुणी बघितली नव्हती एवढंच." त्याचं सगळं आयुष्य याच कामात गेलं असं मी आज म्हटलं, तर तो मला "लई नाटकी बोलता" म्हणून चिडवेल.

त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं हिंदी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसतो. हा प्रोग्रॅम तो कचरा पुन्हा वाचता येईल असा करून देतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शाळांची ऑफिसं, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, गावोगावची लहान वर्तमानपत्रं, सगळ्यांचं त्यावाचून अडत असे. श्रीधरने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, म्हणजे नुसता वापरायला नव्हे, तर आतलं सगळं लिखाणही कुणीही उघडून पाहावं, बदलावं, सुधारावं अशा बेताने. यालाच ओपन सोर्स म्हणतात, हे मला त्यानेच शिकवलं. सुरुवातीला त्याच्यासोबत तिघं होते. एकाची नोकरी बदलली, एकाला जुळी झाली, एकाने फोन उचलणं थांबवलं. त्यांची नावं मात्र त्याने प्रोग्रॅमच्या पानावरून कधी काढली नाहीत. "काढली तर वाईट दिसतं की," म्हणायचा. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला ते चौघांचं काम वाटे, आणि बंद काचांच्या बाल्कनीत, कूलरच्या घरघरीत, रविवारी सकाळपासून बनियनवर बसलेला असे हा एकटा.

त्याची मुलगी रेवा तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. संध्याकाळी बँकेतून आला की तो तिच्यासोबत कार्टून बघे आणि मला फोन करून मालिकांची चिरफाड करी. जणू देशातली सगळी कार्टूनं मीच लिहिते! "तुमच्या लोकांनी कॉम्प्युटरवाला माणूस कधी पाहिलाय का ओ? एक तर टोपी ओढून अंधारात बसलेला चोर, नाहीतर डोळे मिटून बटणं बडवणारा दहा वर्षांचा पंडित. आणि हिरवी अक्षरं पडद्यावरनं पावसासारखी पडतात. मी वीस वर्षं या धंद्यात आहे, माझ्या पडद्यावर एक थेंब पडला नाही." मी हसत असे. एकदा मात्र तो हसण्याच्या पलीकडे गेला. कुठल्याशा मालिकेत एक दुष्ट माणूस गावातल्या मुलांना स्वतः बनवलेला खेळ वाटतो, त्याची आतली रचनाही सगळ्यांना उघडी करून देतो, आणि शेवटी तो सापळा निघतो. मुलं शिकतात की कुलूपबंद डब्यातलंच घ्यावं, उघडं ठेवलेलं घेऊ नये. रेवाने बापाकडे वळून विचारलं होतं, "पप्पा, मतलब तुम्ही पण तसं करता?" हे सांगताना त्याचा आवाज चिरकला होता. "वहिनी, तुमच्या मालिकेत एक गोष्ट लिहा. एकच. माझं नाव नको, काही नको."

मी लिहिली. एक उंट कोरड्या गावात पाणी ओढायचं चाक बनवतो आणि त्याचा नकाशा घरात न लपवता चौकातल्या भिंतीवर काढून ठेवतो. मग खार येऊन एक दात सुधारते, मुंग्या दोरी बदलतात, पोपट शेजारच्या गावाला नकाशा पोचवतो. श्रीधरला ती अतोनात आवडली. फक्त त्याने एक सीन मागून घेतला. शेवटाकडे उंट थकून चाकाशी बसतो आणि म्हणतो, आता मला होत नाही, पुढे कुणीतरी बघा. सगळे पाणी भरून निघून गेलेले असतात. चाक कुरकुरत थांबतं. बराच वेळ कुणी येत नाही… मग एक टिटवी येते आणि चाकाला पाय लावते. "हे दाखवाच," तो म्हणाला. "सगळे मिळून करतात हे अर्धंच खरं आहे. शेवटी एकच कुणीतरी बसलेला असतो, आणि त्याला उठू द्यायचं असतं, हे मुलांना कळू दे. मोठ्यांना सांगून बघितलं मी." मी लिहिला तो सीन. चांगला उतरला होता, हे आज सांगायला मला लाज वाटते.

कारण तो दाखवला गेला नाही. मी श्रीधरला फोन करून सांगितलं, "चॅनेलवाल्यांनी काढला हो. म्हणाले बच्चों के लिए बहुत डाउन है." तो म्हणाला, "असू दे वहिनी. त्यांचं पण पोट आहे." खरं असं होतं की चॅनेलच्या लोकांनी तो सीन पाहिलाच नव्हता. मीच काढला होता, मीटिंगच्या आधी, स्वतःच्या हाताने. आधीची एक मालिका बंद पडलेली, ही हातातून जाईल की काय ही धास्ती, आणि शेवटी मुलांना हसवून घरी पाठवायची जन्माची सवय. नकार येण्याआधीच मी स्वतःला नकार देऊन मोकळी झाले. भाग सुरेख झाला. शेवटी अख्खं गाव चाकाला हात लावतं, पाणी उडतं, उंट सगळ्यात मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. खाली पट्टीवर श्रीधरच्या प्रोग्रॅमचा पत्ता, आणि "आप भी आइए" असं आवतण.

लोक आले. बादल्या घेऊन आले! त्या भागानंतर श्रीधरच्या ईमेलच्या टपालात रोज पत्रांचा ढीग. माझी फाइल उघडत नाही, आमच्या सरांना उद्या पाहिजे, हेच तेलुगूसाठी करून द्या, उंट कुठे राहतो. मुलांची पत्रं असल्यामुळे तो एकूण एक पत्राला उत्तर देई. मदत करायला कुणी आलं का, असं मी एकदा विचारलं. "आलेत की. दोघं आले, चार दिवस थांबले, गेले. कामं आहेत त्यांना." थंडीत त्याला चालताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी सांगितली. आधी बँकेचं ऑडिट आडवं आलं, मग शाळांच्या फॉर्मांचा हंगाम. "ह्यांचे फॉर्म भरून होऊ देत, मग मोकळ्या डोक्यानं करतो," हे त्याने माझ्यासमोर मेधाला सांगितलं आणि मी, शहाणी बाई, चहा पीत बसले. तो प्रोग्रॅमपायी गेला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. पण तो फॉर्मांची वाट बघत होता, आणि वाट बघायला लावणाऱ्यांची संख्या मी वाढवली होती.

तेराव्याला आम्ही लवकर गेलो. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. घरातल्या सगळ्या सतरंज्या, चादरी, अगदी योगा करायची चटईसुद्धा रेवाने अंथरली होती. मेधा हताश होऊन म्हणाली, "अगं, किती माणसं येणार आहेत? पंचवीस-तीस." अकरा वर्षांची ती पोर हातातली चादर झटकत माझ्याकडे वळली. "काकू, पप्पांचे बाकीचे लोक येतील ना? टीव्हीत होते ते… मतलब, उंट नाही, असली वाले. चाक वाले." खोटं बोलायची एकदा सवय लागली की ते किती सहज तोंडात येतं बघा. "लांब राहतात गं ते," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तरीही चादर अंथरली. बँकेतली माणसं आली, मंडळातली आली. अर्ध्या सतरंज्यांवर दिवसभर कुणी बसलं नाही.

श्रीधरवर हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी त्या भागाचं जुनं लिखाण शोधायला बसले. माझा एक मसुदा कॉम्प्युटरमध्ये हरवला होता, तेव्हा श्रीधरने माझ्या लिखाणासाठी त्याच्या धंद्यातली व्यवस्था लावून दिली होती. प्रत्येक बदल त्यात नोंदला जातो, कुणी केला, केव्हा केला, काय काढलं, काय घातलं. मसुदे तपासायला मीच त्याला त्यात येऊ देत असे. त्या नोंदी मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी पाहिल्या. मंगळवारी दुपारी माझ्या नावाने टिटवीचा सीन काढल्याची नोंद, काढलेल्या ओळींसकट. त्याखाली बुधवारची नोंद श्रीधरची. उंटाचं नाव दोन ठिकाणी वेगवेगळं पडलं होतं, ते त्याने सारखं केलं होतं. चॅनेलची मीटिंग शनिवारी होती. रविवारी मी फोनवर खोटं सांगितलं, तेव्हा सीन मीच काढलाय हे त्याला चार दिवस आधीपासून ठाऊक होतं… आणि त्याने माझं नाव राखलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तो चिडला असता, दोन शब्द बोलला असता, तर मी कदाचित तो सीन परत घातला असता. त्याच्या चांगुलपणाचा मला त्या दिवशी संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी विद्याधर नगरला गेले. मेधा ऑफिसला रुजू झाली होती. रेवाने दार उघडलं आणि ती लगेच आत पळाली. मी मागोमाग बाल्कनीत गेले तर ती बापाच्या खुर्चीत बसलेली, पाय जमिनीला टेकत नव्हते, समोर त्याचं टपाल उघडलेलं. शाळेतून आल्यावर रोज बसते म्हणाली. पत्रं अजून येत होती. आणि ती प्रत्येक पत्राला उत्तर देत होती, हिंदीत, एकेक अक्षर शोधून: "पापा नहीं हैं। बाकी लोग ठीक कर रहे हैं। थोड़ा रुकिए।" वरपासून खालपर्यंत तीच तीन वाक्यं. मी मोजली नाहीत.

मी तिच्याशेजारी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसले आणि सांगितलं. बाकी लोक नाहीत, टीव्हीतले ते चाकवाले कधीच नव्हते, ते मी लिहिले होते. पप्पांनी मला खरं लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं आणि मग भिऊन काढून टाकलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "पप्पा रोज अकेलेच करत होते?" मी हो म्हटलं. "आणि तुम्हाला माहीत होतं?" मी पुन्हा हो म्हटलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बिकानेरच्या कुठल्याशा शाळेतून पत्र आलं होतं, फाइल उघडत नाही, बहुत अर्जेंट है. तिने उत्तर उघडलं, बोटांतून आपोआप आलेली तिची तीन वाक्यं खोडली, आणि बराच वेळ लावून नवीन लिहिलं: "बाकी लोग नहीं हैं। पापा अकेले थे।" पाठवून दिलं. मग ती यादीत सगळ्यात जुन्या पत्रांकडे गेली, पहिल्या दिवशी ज्यांना थांबायला सांगितलं होतं त्यांच्यापाशी, आणि एकेकाला तेच लिहायला लागली.