चौदा काठ्या आणि एक पाठ

रविवारी सकाळी खिडकीतून खाली पाहिलं, तर शेजारचे मोहनराव पार्किंगच्या पायरीवर बसून गोल्फच्या काठ्या पुसत होते. काठ्या चौदा. प्रत्येक आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. मोठ्या तीन काठ्यांना त्यांच्या पत्नी सुधावहिनींनी विणलेल्या लोकरीच्या टोप्याही घातल्या. मी घड्याळात पाहिलं, बावीस मिनिटं लागली.

याच माणसाची पाठ दोन महिन्यांपूर्वी पहिल्याच फटक्याला धरली होती. एकोणीस दिवस अंथरुणात होते. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं की खेळण्याआधी दहा मिनिटं कंबर आणि खांदे मोकळे करा, नाहीतर पुढच्या वेळी ऑपरेशन. मी वरूनच आठवण करून दिली, तर म्हणाले, "अहो, गोल्फ आहे, कुस्ती नाही!"

संताप येतो. डाळसुद्धा आपण भिजवल्याशिवाय वाटत नाही, आणि छप्पन्न वर्षांची पाठ मात्र थंडच्या थंड पिळायची! लोखंड विकत आणलेलं म्हणून जपायचं, शरीर काय, फुकटच मिळालेलं.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या. मोहनरावांनी पाय पुढे केले आणि वहिनी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसल्या, कारण मोहनरावांना अजून वाकता येत नाही.

मी ओरडलोच, "मोहनराव, आधी स्वतःची नाडी बांधून दाखवा, मग जा खेळायला!"

ते हसले. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या बुटाची नाडी तशीच सोडून त्या उठल्या आणि जिना चढून घरी गेल्या.